हुकावरचा शेंदूर

सिन्नरच्या एमआयडीसीत फोर्जिंगचा एक कारखाना आहे. तिथं रंगनाथ नावाचा माणूस एकोणीस वर्षं हवेत राहत होता. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, मला त्याची सवय आहे.

जमिनीपासून चाळीस फुटांवर, पत्र्याखाली, दोन रुळांवरून वीस टनी क्रेन शेडच्या या टोकाकडून त्या टोकाकडं फिरायची. तिच्या पोटाला एक काचेची केबिन टांगलेली होती आणि त्या केबिनमध्ये रंगनाथ. सकाळी सगळ्यांच्या आधी वर चढायचा, संध्याकाळी सगळे पांगल्यावर उतरायचा. डबा वर, पाणी वर, दुपारची डुलकी वर. खालच्या लोकांना त्याच्या बुटांचे तळवे तेवढे ओळखीचे. एका वर्षी त्यानं बूट बदलले, तर खालच्यांना वाटलं नवा ऑपरेटर आला. त्यांनी जुन्याच्या निरोपासाठी वर्गणी काढली, भाषणं झाली, आणि रंगनाथनं ती सगळी वरून ऐकली. हे त्यानंच मला सांगितलंय, तेव्हा खरंखोटं त्याचं त्यानं बघावं.

त्याच्याकडं वर्षातून एक पाहुणा यायचा. तो मी.

क्रेन, साखळ्या, दोर, वजन उचलणारं जे काही असेल ते वर्षातून एकदा तपासायचं आणि ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असा दाखला द्यायचा, हा माझा उद्योग. कायद्यात अशा माणसाला ‘सक्षम व्यक्ती’ म्हणतात. ते सरकारी पत्र घरी आलं तेव्हा माझी बायको अनसूया म्हणाली, “स्वयंपाकघरात लावूया. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं नाही की वाचून दाखवता येईल.” ती जाऊन चार वर्षं झाली. मुलगी आभा मेलबर्नला असते. तिचा फोन रविवारी येतो, तिच्याकडं संध्याकाळ आणि माझ्याकडं जेवायची वेळ, त्यामुळं दोघांनाही घाई. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहतो. झाकणं आता सगळी सैल लावतो.

एकटं राहायची तशी अडचण काही नाही. अडचण एवढीच, की थाप मारायला समोर माणूस लागतो. एकट्यानं मारलेली थाप म्हणजे नुसता विचार होतो. आमच्या सोसायटीतले लोक मी जिन्यात दिसलो की मोबाइल कानाला लावतात. एकाचा परवा उलटा होता.

रंगनाथचं तसं नव्हतं. तपासणीच्या दिवशी सकाळी मी खाली हूक आणि साखळ्या बघायचो, मग मेन स्विचला माझं कुलूप घालून शिडी चढायचो. सत्तेचाळीस पायऱ्या, दरवर्षी एक वाढवतात. वर दोर, ब्रेक, गिअर बघून होईतो अकरा वाजायचे. तेवढ्यात रंगनाथ थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतायचा, आणि आम्ही दोघं गर्डरवरच्या अरुंद पट्टीवर पाय सोडून बसायचो. मग एक थाप त्याची, एक माझी. नियम आमचे आम्हीच केलेले होते. सांगणाऱ्यानं हसायचं नाही. ऐकणाऱ्यानं ‘खोटं’ म्हणायचं नाही. उलट त्यात भर घालायची. जो ‘खोटं’ म्हणेल तो हरला, त्यानं पावशेर चिवडा आणायचा. एकोणीस वर्षांत कुणी हरलं नव्हतं.

त्याच्या थापा माझ्यापेक्षा सरस होत्या, हे कबूल करायला हवं. एकदा त्याच्या केबिनवर चिमणीनं घरटं केलं. “अंडी फुटू नये म्हून क्रेन अशी चालवली सायेब, का गलासातलं पाणीबी हललं नाय. पिल्लं झाली. पण बसली ना अडचण! पिल्लं नुसती सरळ उडायची. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपोत्तर, अन् परत. अन् उडायच्या आधी तीनदा चिवचिव करायची, घंटी दिल्यावानी.”

मी म्हणालो, “त्यातलं एक माझ्या घरी आलं होतं. चार किलोच्या वरचं काही उचलणार नाही म्हणालं. दाखला संपलाय.”

माझी त्याला आवडलेली थाप म्हणजे त्या मॅनेजरची. क्रेनच्या चाचणीला जास्तीचं वजन टांगावं लागतं. एका कारखान्यात वजनंच नव्हती. मी म्हटलं, मॅनेजरसाहेबांनी कामगारांना दिलेली आश्वासनं एका फायलीत घाला आणि ती टांगा. टांगली. ब्रेक घसरला. रंगनाथ गंभीरपणे म्हणाला, “दोर तुटला नाय हे नशीब. आमच्याकडं त्यो प्रयोग केला तव्हा शेड तीन इंच खाली बसली.”

वर्षातली ती वीस मिनिटं. उरलेलं वर्ष मी पुढच्या थापेची तयारी करायचो. भाजी आणताना, बँकेत रांगेत, रात्री झोप येत नसली की. त्याला काय म्हणता येईल, त्यावर तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन. माणसं नातवंडांसाठी खाऊ जमवतात तसा मी जमवायचो.

गेल्या डिसेंबरात गेटवरच मयुरेश भेटला. मेंटेनन्सचा नवा इंजिनिअर, आठ महिने झालेले, हेल्मेट अजून चकचकीत.

“सर, या वेळी जरा नीट बघा हं.”

“दर वेळी काय डोळे मिटून बघतो का?”

“तसं नाही हो. मॅनेजमेंटचं ठरलंय. क्रेन पास झाली तर आहे तशी चालवायची. पण हूक-बिक बदलायची वेळ आली तर तशीही तीन आठवडे बंद राहणार. मग त्यातच रिमोट बसवून टाकायचा आणि केबिन उतरवायची. खालून चालवायची, बटणं दाबून.”

“आणि रंगनाथ?”

“कोण रंगनाथ?”

“अरे, तुमचा ऑपरेटर.”

“अच्छा, ते वरचे काका! येतील की खाली. शिकतील रिमोट. तशीही दोनच वर्षं राहिलीत त्यांची.” मग त्यानं मोकळेपणानं खांदे उडवले. “तुम्ही लिहाल ते, सर.”

म्हणजे सगळं माझ्या पेनावर आलं. ‘चालेल’ लिहिलं की अजून दोन डिसेंबर पक्के. ‘चालणार नाही’ लिहिलं की केबिन गेली, पट्टीवरचा चहा गेला, आणि मी ज्याच्याशी बोलतो असा या जिल्ह्यातला एकमेव माणूस खाली गर्दीत उतरला.

आता हुकाविषयी सांगतो, आणि हे सांगताना मी थोडा लाजणार आहे.

खंडेनवमीला सगळे कामगार आपापल्या यंत्रांना हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. रंगनाथ शेंदूर लावायचा. तेलात कालवून, हुकाच्या पोटाला, जिथं वजन बसतं अगदी तिथं. पहिल्या वर्षी टिळ्याएवढा होता. मग दरवर्षी त्यावर एक थर. वजनं घासून थोडा झिजवायची, तो पुन्हा बाजूंनी भर घालायचा. एकोणीस वर्षांत त्या हुकाला असं काही रूप आलं की येणारेजाणारे हात जोडायचे. आणि सक्षम व्यक्तीनं काय केलं? हुकाला चीर आहे का हे बघायचं तर तो अगदी उघडा करून, पुसून, त्यावर तपासणीचा रंग फवारावा लागतो. पहिल्याच वर्षी मी खरवडायची लोखंडी पत्री काढली, तर वर काचेला नाक लावून रंगनाथ बघत होता. मी पत्री खिशात घातली. हुकाचं तोंड किती वासलंय ते मापलं, शेंदूर नसलेल्या भागावर रंग मारून पाहिला, आणि लिहिलं : ‘हूक तपासला. समाधानकारक.’

पुढची सतरा वर्षं तेच. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी थाप मी कुणाला सांगितली नाही. सही करून दिली.

त्या दिवशी हूक लाकडी ठोकळ्यावर टेकवलेला होता. शेजारी ललित उभा. ललित म्हणजे खाली राहून हुकात साखळी अडकवणारा माणूस; उचललेलं वजन ज्याच्या डोक्याशेजारून जातं तो. मी तोंडाचं माप घेतलं. गेल्या वर्षीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त, म्हणजे हूक ताणून उघडत चाललेला. पुन्हा घेतलं. पुन्हा तीन. मापायची पकड पुसली, चष्मा पुसला, ललितला घ्यायला लावलं.

“तीननं जास्तच येतंय सर. का?”

“काही नाही. तुझं डोकं किती नंबरचं आहे?”

“काय?”

“हेल्मेटचा साइज विचारतोय.”

तो हसला. मी खाली वाकून बघितलं. शेंदराच्या थराला कडेनं एक पापुद्रा सुटला होता. नखानं उचकटला. आत काळ्याभोर लोखंडावर केसासारखी एक रेघ, शेंदराखाली शिरलेली. ओरखडा असेल. ओरखडाच असेल. हात लावून कळत नाही, आणि मला कळून घ्यायचंही नव्हतं.

मी मेन स्विचला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सत्तेचाळीस पायऱ्या चढलो. त्या दिवशी त्या सत्तेचाळीसच भरल्या.

रंगनाथनं चहा ओतला. या वर्षी त्याचे केस जरा जास्त पांढरे वाटले. “बसा सायेब. यंदा तुमची पाळी आधी.”

मी वर्षभर तयार केलेली थाप अशी होती, की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीएवढी उंच क्रेन मी तपासली आणि वरचा ऑपरेटर ढगांना साखळी लावून नाशिक रोडला पाऊस पोचवत होता. सबंध रचलेली होती. ओठांवर आलेली होती.

“रंगनाथ,” मी म्हणालो, “तुझ्या हुकाला चीर गेलीय.”

त्यानं चहाचा घोट घेतला. विचार केला. “केवढी?”

“केसाएवढी दिसते. शेंदराखाली किती आहे ठाऊक नाही.”

“मंग बरोबर,” तो मान डोलावत म्हणाला. “गेल्या आठवड्यात ललितचा मोबाइल हरवला. त्या चिरीतच पडला आसंल. रोज चार वाजता आतून वाजतोय.”

“रंगनाथ, मी खरं सांगतोय.”

“हां! तुमची प्रत्येक गोष्ट इथूनच तर सुरू व्हती.” तो खूश झाला होता. “त्या आश्वासनाच्या फायलीच्या टायमालाबी तुम्ही आसंच म्हनलं व्हतं. तोंडबी आसंच केलं व्हतं. पुढं सांगा.”

पुढं काही नव्हतं. एकोणीस वर्षं मी या माणसाला खरं वाटेल अशा आवाजात खोटं सांगितलं होतं. आता खरं सांगायला माझ्याकडं दुसरा आवाज शिल्लक नव्हता. मी हात जोडले, तर तो म्हणाला, “वा!” मी डोळे पुसले, तर म्हणाला, “हे नवीन हाय.”

“अनसूयेची शपथ.”

“बाईसायेब कशा हायेत?”

“चार वर्षांपूर्वी गेली ती.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मग, नियमाला पक्का म्हणून, हळू आवाजात म्हणाला, “माझी मालनबी त्याच गाडीनं गेली. दोघींनी खिडकीची जागा धरली आसंल.”

तेव्हा मला कळलं की याची बायकोही गेली. आणि मी हसलो नाही, तोही हसला नाही, आणि नियमाप्रमाणं आम्ही दोघंही बरोबर खेळत होतो.

खालून घंटा झाली. रंगनाथ उठला, चहाचं झाकण झटकलं. “चला. किल्ली द्या. दोन वाजता अकरा टनाचा डाय उचलायचा हाय. लिहून टाका तुमचं ते, समाधान का काय.” मग केबिनच्या दाराशी वळून, पहिल्यांदाच थापेचा सूर नसलेल्या आवाजात म्हणाला, “दोन वर्सं ऱ्हायली सायेब. मला खाली जमायचं नाय. खाली काय बोलायचं त्या लोकांशी?”

किल्ली खिशात होती. हात खिशात होता. अकरा टन, ललित, केसाएवढी रेघ. आणि ओरखडा असण्याची शक्यता, ती तर होतीच. एकोणीस वर्षं होतीच की.

“खाली चल,” मी म्हणालो. “दाखवतो. ओरखडा निघाला तर किल्ली तुझी.”

भर दिवसा रंगनाथ शिडीवरून उतरतोय, हे शेडनं कधी बघितलं नव्हतं. ग्राइंडर थांबले. ललितनं मला कोपरानं ढोसलं. “हे कोण सर? तुमच्याबरोबर आलेत?”

“तुझा ऑपरेटर. नऊ वर्षं तुझ्या डोक्यावर आहे.”

“आयला!” ललित म्हणाला, आणि आधी बुटांकडं बघून मग तोंडाकडं बघितलं. “नमस्कार काका.”

रंगनाथनं नमस्कार केला, पण त्याचं लक्ष हुकाकडं होतं. इतक्या जवळून तो फक्त खंडेनवमीला, पहाटे, कुणी नसताना बघायचा. मी पत्री काढली. त्यानं माझं मनगट धरलं.

“शेंदूर नाय काढायचा.”

“गडावरच्या देवीच्या मूर्तीवरचा काढला की, रंगनाथ. शेकड्यानं किलो निघाला. पुजारी होते, पोलीस होते, देवळाचा दरवाजा बंद होता. आत देवी होतीच ना? उलट जास्त स्पष्ट दिसली.”

“ती देवी हाय. हे लोखंड हाय. लोखंडाला आब्रू शेंदरामुळंच.”

“आणि ललितला डोकं कशामुळं?”

त्यानं ललितकडं बघितलं. ललित काही न कळून दोघांकडं बघत होता. मग रंगनाथनं माझ्या हातातली पत्री घेतली आणि स्वतः खाली बसला.

त्यानं खरवडलं असं म्हणवत नाही. उलगडलं. खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक थर त्यावर उतरवत गेला. त्याला थर पाठ होते. “हा यंदाचा. हा करोनाचा, बघा, पातळ. दुकानं बंद व्हती, घरातलं थोडं व्हतं तेवढं. हा मालन गेली त्या सालचा. त्या टायमाला तेल जास्त पडलं. हा तुम्ही पयल्यांदा जिलबी आणली व्हती त्या सालचा.” वर्तमानपत्र केशरी झालं. आजूबाजूला वीसेक माणसं जमली होती. एका म्हाताऱ्या ग्राइंडरवाल्यानं टोपी काढली.

शेवटचा टिळा निघाला. मी लोखंड घासलं, पुसलं, वर लाल रंग फवारला. हा रंग चिरेत मुरायला दहा मिनिटं द्यावी लागतात. मयुरेश मोबाइलवर वेळ लावून उभा राहिला. त्या दहा मिनिटांत मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही सांगितलं नाही. मनात एकच चाललं होतं, ओरखडा निघू दे. मग मी रंग स्वच्छ पुसून काढला आणि पांढरी पावडर फवारली. हूक दुधासारखा झाला.

आधी काही नाही. मग पांढऱ्यावर एक ठिपका. मग दुसरा. मग ते एकमेकांना सापडले, आणि हुकाच्या पोटावर आडवी, बोटभर लांबीची लाल रेघ उमटली.

“शेंदूर ऱ्हायला आसंल,” रंगनाथ म्हणाला.

“असू शकतो,” मी म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो.

“परत करा.”

पुन्हा घासलं. या वेळी त्यानंच घासलं, रॉकेलच्या बोळ्यानं, नंतर तारेच्या ब्रशनं, नंतर स्वतःच्या शर्टाच्या टोकानं. पुन्हा रंग, पुन्हा दहा मिनिटं. जेवणाची घंटा झाली, पण कुणी हललं नाही. पुन्हा पांढरा.

रेघ आली. पहिल्यापेक्षा लांब आली, कारण आता आणखी स्वच्छ झालं होतं.

रंगनाथ उकिडवा बसला होता. त्यानं रेघेवरून बोट फिरवलं, बोट लाल झालं, ते त्यानं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला,

“खोटं.”

बाकी कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. मयुरेशला वाटलं काका ऐकत नाहीत, तो समजावायला पुढं झाला. मी त्याला हातानं मागं सारलं. एकोणीस वर्षं मी हा शब्द त्याच्या तोंडून निघावा म्हणून झोप मोडली होती. आता निघाला तर तो परत त्याच्या घशात ढकलावा असं वाटलं.

“हो,” मी म्हणालो. “पण कागदावर हेच लिहावं लागेल.”

हुकाला मी लाल पट्टी बांधली. ललितनं हेल्मेट काढून डोक्यावरून हात फिरवला, मग पुन्हा घातलं, आणि मला चहा विचारला. मी मयुरेशच्या टेबलाशी बसून अहवाल लिहिला : चीर कुठं, किती, क्रेन ताबडतोब बंद. आणि खाली आणखी चार ओळी लिहिल्या, की मागच्या अठरा वर्षांत हुकाचा हा भाग शेंदराखाली असल्यामुळं मी तपासला नव्हता, तरी ‘समाधानकारक’ असं लिहिलं, आणि ती चूक माझी आहे.

मयुरेशनं वाचलं. “सर, हे खालचं कशाला? कुणी विचारलंय का? तुमचंच लायसन जाईल.”

“राहू दे.”

“पण सर...”

“बाळा, इतकी वर्षं कुणी माझ्यावर विश्वास ठेवत नाही. एकदा ठेवतायत की नाही बघू.”

ठेवला. जानेवारीत खुलासा मागवणारं पत्र आलं, मी खुलासा दिला, आणि माझा सक्षमपणा पुढील आदेशापर्यंत स्थगित झाला. बरणीची झाकणं मात्र अजून उघडतात.

फेब्रुवारीत मयुरेशचा फोन आला. नवा हूक आला, रिमोट बसला, केबिन कापून उतरवली. “काका शुक्रवारी चाललेत. रिमोट नको म्हणाले. तुम्हाला सांगावंसं वाटलं.”

शुक्रवारी मी नाशिकच्या द्वारका चौकातून एसटी पकडून सिन्नरला गेलो. कामाशिवाय त्या गेटवर मी पहिल्यांदाच उभा होतो, त्यामुळं वॉचमननं हटकलं. शिफ्ट सुटली. माणसं लोटली. शंभरेक तोंडं माझ्यासमोरून गेली आणि त्यात रंगनाथ कसा शोधायचा हे मला कळेना. माणसांत तो केवढा दिसतो, हेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानंच माझ्या दंडाला हात लावला. धुतलेला पांढरा शर्ट, हातात नारळ, खांद्यावर शाल.

टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, एकलहऱ्याच्या चिमणीएवढी क्रेन आणि ढग. सांगून टाकली. त्यानं नीट ऐकली. “आसंल,” म्हणाला. भर घातली नाही. मीही पुढं रेटलं नाही. मागं ट्रक हॉर्न वाजवत होते, एक माणूस आमच्या मधून हात घालून साखर घेत होता. उंचावरून एकदम खाली आलं की कानांना दडे बसतात तसं झालं होतं.

“लय गोंगाट हाय खाली,” रंगनाथ म्हणाला.

“आता कुठं?”

“भावाच्या मळ्यात. दोडीच्या पुढं. तिथं काय, मका हाय, कुत्रं हाय.” मग थोड्या वेळानं : “तुमच्या घरी कोन आसतं?”

“कुणी नाही.”

“जेवायला?”

“डबा येतो.”

“गरम आसतो का?”

“आणणारा तसं म्हणतो.”

एवढंच झालं. एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांना विचारलेले खरे प्रश्न हे, आणि ते संपले तेवढ्यात नाशिकची बस आली. गर्दी आत घुसली, मलाही तिनं आत घेतलं. खिडकीशी पोचलो तेव्हा आठवलं की याला आपला नंबर दिलेला नाही. रंगनाथकडं मोबाइल नव्हता. क्रेनवर रेंज यायची नाही म्हणून त्यानं कधी घेतला नव्हता, आता घेईन म्हणाला होता.

काच अडकलेली. बसचं इंजिन धडधडत होतं, ओरडून उपयोग नव्हता. मी बोटं दाखवली. नऊ. तो चमकला, आणि मग लगेच सावध उभा राहिला, नारळ काखेत धरला आणि मान हलवली. खालच्या माणसाच्या हाताकडं बघून अकरा टन हलवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. शंभर फुटांवरून करंगळी वाचणारा माणूस तो. आठ. मान. दोन. मान. बस हलली. मी बोटं वर धरून मागच्या काचेकडं सरकत राहिलो, बायका ओरडल्या, कंडक्टर म्हणाला, “बाबा, बसा की गप.” दोन. पाच. तो रस्त्याच्या मधोमध आला होता, ट्रकवाले त्याला शिव्या देत होते आणि तो फक्त माझा हात बघत होता. शून्य. मान. सात. मान.

बस नाक्यावर वळली. तीन आकडे राहिले.

मला सरळ मार्ग ठाऊक आहेत. मयुरेशला विचारून तो माझा नंबर घेऊ शकतो. मी दोडीची बस पकडून, कुत्रं असलेला मळा विचारत जाऊ शकतो. तासाभराचा रस्ता आहे. पण रंगनाथला मी ओळखतो. खूण अर्धी मिळाली तर तो क्रेन जागीच धरून ठेवायचा, कुणाला विचारायला जायचा नाही. आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे हजारच नंबर. रोज दहा लावले तर शंभर दिवसांत संपतात. शून्य शून्य शून्यपासून सुरुवात केली असेल तर माझा आठशे एकेचाळिसावा लागतो, म्हणजे पंच्याऐंशीव्या दिवशी.

आज एकाहत्तरावा आहे. परवा एका मुलीचा फोन आला, पाथर्डी फाट्याला प्लॉट घ्या म्हणाली. मी वीस मिनिटं ऐकून घेतलं, पण मधूनच म्हटलं, बाई, लाइन मोकळी ठेवायला हवी. तिनं विचारलं, कुणाचा फोन यायचाय का.

मी तिला सगळं खरं सांगितलं. तिला वाटलं मी थट्टा करतोय.